कानफाट्याची चाल

एका जंगलात, जिथला वाघ म्हातारा झाला होता पण लांडगे अजून झाले नव्हते, तिथं मेंढरांचा एक कळप राहत होता.

मेंढरं कशी असतात ते तुम्हाला ठाऊकच आहे, बाळांनो. पुढचं चाललं की मागचं चालतं. पुढचं का चाललं, हे मागचं विचारत नाही. आणि पुढच्याला विचारून तरी काय उपयोग? ते आपलं वाट होती म्हणून चाललेलं असतं.

माळाच्या कडेला त्यांचा वाडा होता. बोराटीच्या काट्यांचं गोल कुंपण, आत-बाहेर करायला एक खिंड, आणि त्या खिंडीत एक कुत्रा. त्याचं नाव कानफाट्या. लहानपणी एका लांडग्यानं त्याचा डावा कान उभा फाडला होता. कान फाटला, पण कोकरू सुटलं. तेव्हापासून मेंढरांनी त्याच्या गळ्यात बाभळीच्या काट्यांचा पट्टा घातला होता. लांडगा आधी गळ्याला झोंबतो. तोंडात काटे शिरले की त्याला आठवतं, आपलं घरी काहीतरी काम राहिलंय.

कानफाट्याची चाल बघितली असतीत तर हसला असता. मान खाली. नाक मातीला टेकलेलं. दोन पावलं पुढं, एक आडवं. मग थांबायचं. मागं वळून कळपाकडं बघायचं. मग एखाद्या झुडपाकडं तिरकं तिरकं जायचं, तिथं पाय वर करायचा, आणि परत. सरळ असा तो कधी चाललाच नाही. लांडगा कधी सरळ येत नाही. मग यानं सरळ जाऊन भेटायचं कुणाला?

त्या कळपात चिमाआत्या नावाची एक म्हातारी मेंढी होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. उजेड आहे की अंधार, एवढंच तिला कळायचं. बाकी सगळं कानानं आणि नाकानं. तिची लेक बाळंतपणात गेली होती आणि मागं दोन कोकरं ठेवून गेली होती. आत्यानं त्यांना याच्या-त्याच्या कासेला लावून जगवलं. आता ती गवत खुडायला लागली होती. दिवसभर उड्या मारायची. संध्याकाळ झाली की आत्याच्या पोटाशी शिरायची आणि विचारायची, "आज्जे, लांडगा आला तर?"

"ऐका," आत्या म्हणायची.

मग तिघं कान टवकारायची. कुंपणाच्या कडेकडेनं आवाज यायचा. फूं फूं. फूं फूं. कानफाट्या माती हुंगत फिरायचा. तो आवाज कुंपणाला एक वेढा घालून परत जवळ आला, की आत्या म्हणायची, "झालं. जग जागेवर हाय. झोपा."

असं सगळं बरं चाललं होतं. आणि बरं चाललेलं असलं की काय होतं, पोरांनो? कुणालातरी ते सुधारावंसं वाटतं.

त्या जंगलात एक माकड होतं. ते मध्यंतरी शहरात गेलं होतं. तिथं एका मैदानाच्या भिंतीवर बसून त्यानं कुत्र्यांचा मेळा बघितला. माणसं कुत्र्यांना पट्ट्याला धरून गोल पळवत होती, आणि ज्याचा कुत्रा डौलात चालेल त्याला फीत मिळत होती. भिंतीवरून अर्धंच मैदान दिसत होतं. अर्ध्या गोलात कुत्री यायची, अर्ध्या गोलात गायब व्हायची. पण अर्धं बघितल्यामुळं शिकवायला कुणाचं अडलंय? माकड जंगलात परत आलं ते मास्तर होऊनच आलं.

बघता बघता जंगलात कुत्र्यांच्या चालीची स्पर्धा सुरू झाली. ज्याच्या घरी कुत्रं नव्हतं तोही म्हणायला लागला, "चाल म्हणजे, तुम्हाला सांगतो, खांद्यातून यायला पाहिजे." रानडुकरं हे म्हणत होती. ज्यांना खांदा कुठं संपतो आणि मान कुठं सुरू होते ते आजतागायत सापडलेलं नाही.

पहिल्या वर्षीची फीत ओढ्यापलीकडच्या शेरडांच्या कुत्र्याला मिळाली.

झालं. दुसऱ्या दिवशी पाण्यावर मेंढरं आणि शेरडं समोरासमोर आली. शेरडांचा तो कुत्रा मान ताठ करून पाण्यात स्वतःलाच बघत होता. कानफाट्या आपला नाक खाली घालून काठची माती हुंगत होता.

"काय वो मानाजीराव," एक शेळी म्हणाली, "तुमच्या कुत्र्याची सुई हरवलीया का? कवाधरनं शोधतंय."

सगळी शेरडं खिंकाळल्यासारखी हसली.

मानाजीराव म्हणजे कळपाचा म्होरक्या एडका. शिंगं दोन-दोन वेढ्यांची. त्या शिंगांच्या ओझ्यानं डोक्यात दुसरं काही ठेवायला जागा उरली नव्हती. तो घरी आला, चाऱ्याला तोंड लावलं नाही, आणि म्हणाला, "आपल्या कुत्र्याला चालता येत नाही, आणि हे आजवर मला कुणी सांगितलं नाही!"

"अरं लेकरा," चिमाआत्या म्हणाली, "त्याला चालता येत न्हाई तर रोज कुंपणाभवती फिरतंय कोण?"

"फिरणं वेगळं, आत्या. चाल वेगळी."

"मग लांडगा कशानं पळतो? फिरण्यानं का चालीनं?"

"लांडग्याचा इथं काय संबंध?" मानाजीराव म्हणाला. "गेल्या किती पावसाळ्यांत लांडगा आलाय सांगा बरं?"

मेंढरांनी आठवून बघितलं. खरंच, लांडगा आला नव्हता. म्हणजे लांडगे संपले असणार. लांडगा का आला नाही, याचा विचार करायचा तर कुत्र्याकडं बघावं लागलं असतं, आणि कुत्र्याकडं बघायची तर आता लाज वाटत होती.

मास्तरांना बोलावणं गेलं.

मास्तर आले. कुंपणाच्या खांबावर बसले. त्यांनी कानफाट्याला चालायला लावलं आणि दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले.

"अरेरे," ते म्हणाले. "मान खाली. दृष्टी खाली. हे दास्याचं लक्षण आहे. आणि हा मागे वळून का पाहतो?"

"कळप बघतो," आत्या म्हणाली.

"पुढे जाणाऱ्यानं मागे पाहायचं नसतं. आणि मध्येच थांबतो काय, तिरका जातो काय! आणि गळ्यात हे काय आहे? काटे? अहो, मानेची रेघ झाकली जाते यानं. मानेची रेघ म्हणजे चालीचा प्राण. काढा तो पट्टा."

मेंढरांनी पट्टा काढला. आत्यानं तो चाचपून जवळ ओढला आणि आपल्या जागेखाली ठेवला. काटे टोचले, तरी ती तिथंच बसली.

"नाव काय याचं?" मास्तरांनी विचारलं.

"कानफाट्या."

मास्तरांना ठसकाच लागला. "स्पर्धेत असं नाव पुकारतात होय? आजपासून याचं नाव अरण्यरत्न कुलभूषण दुसरे."

"मग पहिले कोण?" एका मेंढीनं विचारलं.

"पहिला कशाला हवा? दुसरे म्हटलं की मागचं घराणं आपोआप तयार होतं."

मेंढरं भारावून गेली. त्यांच्या दारात इतके दिवस घराणं पडलं होतं आणि त्यांना पत्ता नव्हता.

कानफाट्या आत्याजवळ येऊन बसला. तिच्या कानाशी म्हणाला, "आत्या, मी जन्मल्यापास्नं चालतोय. आता ह्यांनी सांगितलं तवा कळलं की मला येत न्हाई."

"मनाला लावून घेऊ नगं."

"न्हाई गं. पर सगळी हसत्यात. माझ्यापायी कळपाची मान खाली जाती म्हणत्यात." त्यानं फाटका कान झटकला. "शिकतो की थोडं. त्यानं काय बिघडतंय?"

भला कुत्रा होता, बाळांनो. भल्याला बिघडवायला फार कष्ट पडत नाहीत. तुझ्यामुळं दुसऱ्यांची मान खाली जाते, एवढं सांगितलं की पुरतं.

शिकवणी सुरू झाली.

आता गंमत बघा. त्या जंगलात खूर होते, पंजे होते, नखं होती, पंख होते. मूठ फक्त माकडाला होती. मास्तरांची सगळी विद्या त्या मुठीत होती. शहरातून त्यांनी पानात बांधून काळजाचे सुकवलेले तुकडे आणले होते. एक तुकडा मुठीत धरायचा, मूठ कुत्र्याच्या नाकासमोर वर उचलायची आणि चालायला लागायचं. कुत्र्याला मूठ हवी, म्हणून त्याची मान वर. मान वर, म्हणून छाती पुढं. मूठ सरळ चालली की कुत्रं सरळ. मूठ थांबली की कुत्रं थांबलं.

चिमाआत्याच्या नाकाला तो वास पहिल्याच दिवशी आला. तिनं नाकपुड्या फेंदारल्या. पुन्हा हुंगलं. तिला लेकीची आठवण झाली, आईची आठवण झाली.

"मास्तर," ती हळूच म्हणाली, "हे काळीज कुणाचं वो?"

"शहरातल्या दुकानातलं आहे."

"व्हय, पर दुकानात यायच्या आधी कुणाचं?"

मास्तर म्हणाले, "आजी, कलेमध्ये साधनाची जात विचारू नये." आणि सगळ्या मेंढरांनी माना डोलावल्या. किती सुंदर बोलले! आत्यानं मात्र दोन्ही कोकरांना ओढून घेतलं आणि त्यांची नाकं आपल्या लोकरीत दाबून धरली.

ओढ्याच्या वाळूत सराव चालायचा. पुढच्या पायाचा ठसा जिथं उमटला, तिथंच मागच्या पायाचा पडला पाहिजे. जमिनीवर काटक्या आडव्या टाकायच्या आणि त्यावरून दुडक्या चालीनं जायचं, काटकीला नख न लावता. भुंकायचं नाही, भुंकलं की लय तुटते. हुंगायचं नाही, हुंगलं की मान पडते. मागं बघायचं नाही. आणि बघणाऱ्यांसाठीही एक नियम होता. कुत्रं आणि बघणारे यांच्या मधे कुणी यायचं नाही.

मेंढरं रोज गोल करून बसायची. आधी त्यांना चालीतलं काही कळत नव्हतं. मग रोज बसून बसून, काही कळत नसतानाही "वा" कुठं म्हणायचं ते कळायला लागलं.

शिकवणी बघायला आणखी एक जण यायचा. पलीकडच्या करवंदीच्या जाळीत बसायचा. हलायचा नाही, बोलायचा नाही, "वा" म्हणायचा नाही. तो लांडगा होता. ज्यानं कान फाडला तोच. मास्तरांच्या इतक्या शिकवण्या झाल्या, पण इतक्या मन लावून शिकणारा विद्यार्थी त्यांना दुसरा मिळाला नाही. बाकीचे कुत्र्याकडं बघत होते. हा मुठीकडं बघत होता.

पुढं पुढं काळजाचे तुकडे संपत आले. मास्तर मूठ धरायचे आणि चालून झाल्यावर तुकडा द्यायचे. मग एक दिवस चालून झाल्यावर नुसतं "शाब्बास" दिलं. मग शाब्बासही वाचवायला लागले. कानफाट्या तसाच मान वर करून मुठीमागं चालत राहिला. उलट आता त्याची चाल जास्तच खुलली. तुकडा मिळाला की तो चावायला थांबावं लागायचं. आता काही मिळतच नव्हतं, त्यामुळं खंड पडत नव्हता.

एका दुपारी तो आत्याजवळून चालला होता. तिनं त्याला हाक मारली.

"कानफाट्या, इकडं ये. त्या मुठीत काय न्हाई रं."

"तुला दिसत न्हाई आत्या. तुला कसं ठावं?"

"वासच न्हाई. पार पानं झडल्यापास्नं न्हाई. तुला कळत न्हाई व्हय?"

"वास खाली असतो, आत्या," तो म्हणाला. "मी आता वर बघतो."

"अरं पर मूठ रिकामी हाय!"

"असंना का. मूठ तर हाय."

आणि तो सरळ निघून गेला. त्याच्या पावलांचा आवाज इतका सारखा होता, की आत्याला कळेना, कुत्रं चाललंय की कुठं पाणी ठिबकतंय.

मग स्पर्धेचा दिवस आला.

स्पर्धेचा परीक्षक अजगर होता. हसू नका. माकडानं त्याला फार विचार करून निवडलं होतं. चालीच्या परीक्षेला चार पायांचा नेमला तर दोन पायांचे रुसतात. दोन पायांचा नेमला तर शंभर पायांची गोम रुसते. अजगराला पायच नव्हते. त्यामुळं तो कुणाच्याच बाजूचा नव्हता. "मी आयुष्यात एक पाऊल चुकीचं टाकलेलं नाही," असं तो भाषणात म्हणायचा, आणि ते खरंच होतं.

त्याची तपासायची रीतही ठरलेली होती. कुत्रं समोर आलं की तो त्याला विळखा घालायचा. बांधा कसा आहे, फासळ्या कशा आहेत, ते अंगानं जोखायचा. कुत्र्यानं हलायचं नाही. मागच्या वर्षी दुसऱ्या पाळीला आलेला कुत्रा त्या विळख्यातून परत आलाच नव्हता. "तो बाद झाला," असं जाहीर झालं. परीक्षकाचा निर्णय अखेरचा असतो, त्यावर कोण काय बोलणार?

कानफाट्याला विळखा पडला. पट्टा नव्हता, त्यामुळं परीक्षकांना कुठं टोचलं नाही. मेंढरांनी श्वास रोखला. कानफाट्यानंही रोखला, त्याला दुसरा इलाज नव्हता.

"भरदार आहे," अजगर म्हणाला आणि त्यानं जीभ फिरवली. त्या सकाळी त्याचा नाश्ता झालेला होता, हे कुत्र्याचं नशीब. "चालवा."

मास्तरांनी मूठ उचलली. आणि बाळांनो, खोटं कशाला बोलू, कानफाट्या असा चालला की बघत राहावं. जाताना सरळ, येताना सरळ, गोलात गोल. पाठ अशी की वर पाण्याचा थेंब ठेवला असता तर सांडला नसता. मधेच एक ससा त्याच्या पायाखालून गेला. त्यानं बघितलं नाही. वाऱ्यावर करवंदीच्या जाळीकडून लांडग्याचा उग्र वास आला. सगळ्या मेंढरांच्या लोकरी उभ्या राहिल्या. कानफाट्याची मान तसूभर हलली नाही.

"हे!" अजगर ओरडला. "हेच! लांडग्याच्या वासातही ज्याची मान खाली येत नाही, तो खरा कुत्रा!"

फीत मिळाली. मेंढरं नाचली. मानाजीरावानं त्या संध्याकाळी शेरडांच्या वाटेवरून चार वेळा उगाच ये-जा केली.

चिमाआत्या कोकरांना पोटाशी घेऊन पडली होती.

"आज्जे," एक कोकरू म्हणालं, "आवाज का येत न्हाई?"

"येईल."

तिघं ऐकत राहिली. कुंपणापाशी कुणी हुंगत नव्हतं. खिंडीत कानफाट्या उभा होता. मान वर, छाती पुढं, मागचे पाय ताणलेले. त्याला तसं उभं राहायला शिकवलं होतं. आवाज न येणारा पहारा होता तो. दिसायला फार चांगला. पण आत्याला दिसत नव्हतं.

"आलाय आवाज," कोकरांना झोप लागावी म्हणून ती शेवटी म्हणाली. आणि स्वतः जागी राहिली.

थोड्याच दिवसांनी, भर दुपारी, लांडगा आला.

चोरून आला नाही हं. वाटेवरून आला, खिंडीसमोर उभा राहिला आणि खोकला. मेंढरांची पळापळ झाली.

"पळू नका," लांडगा म्हणाला. "मी पूर्वीचा राहिलो नाही. तुमच्या कुत्र्याची चाल पाहिली आणि माझ्यात फरक पडला. मी आता रसिक झालोय."

मेंढरं थांबली. रसिक म्हटल्यावर थांबावंच लागतं.

"घरी पोरं रोज मागं लागतात," लांडगा पुढं म्हणाला. "बाबा, तुम्ही एकटेच बघता, आम्हालाही दाखवा. म्हटलं, मानाजीरावांना विनंती करावी. आमच्या घळीत एकदा कार्यक्रम व्हावा. कुत्र्यानं चालून दाखवावं, आणि आपण सगळ्यांनी यावं. दाद द्यायला जाणकार मंडळी लागतात ना. जेवणाची चिंता नको. जेवण आमच्याकडंच आहे."

मानाजीरावाच्या शिंगांना आणखी अर्धा वेढा पडला. जाणकार! जेवण! आणि शेरडांना बोलावणं नाही!

"मानाजी," चिमाआत्या ओरडली, "अरं त्यो लांडगा हाय!"

"आत्या, तुम्हाला दिसत नाही म्हणून सांगतो," मानाजीराव म्हणाला, "ते रसिक आहेत."

"मला वास येतोय!"

"तुम्ही अजून वासातच अडकलात."

लांडग्यानं मग पुढचा एक पंजा वर उचलला. बोटं आत दुमडली. पंज्याची मूठ केली. तशी ओबडधोबडच झाली, पण मूठ म्हणून ओळखू येत होती. तीन पायांवर उभं राहून त्यानं ती मूठ कानफाट्याच्या नाकासमोर धरली.

कानफाट्याचे डोळे लकाकले. मान वर गेली. लांडगा तीन पायांवर लंगडत निघाला, आणि त्याच्या मागं अरण्यरत्न कुलभूषण दुसरे सुरेख दुडक्या चालीनं निघाले. त्यांच्या मागं मानाजीराव. मानाजीरावांच्या मागं एक मेंढी, तिच्या मागं दुसरी. पुढचं चाललं की मागचं चालतं, हे मी तुम्हाला आधीच सांगून ठेवलंय. आणि इतके दिवस चाल बघून बघून त्यांचीही पावलं ठेक्यात पडायला लागली होती.

आत्याची कोकरंही निघाली. पण कोकरांना कुठला ठेका? एक उडी इकडं, एक उडी तिकडं. एक जण मानाजीरावाच्या पोटाखालून गेलं, दुसरं फुलपाखरामागं लागलं.

"ही दोन बाहेर काढा!" मानाजीराव खेकसला. "आख्ख्या कळपाची चाल बिघडवतायत. पाहुण्यांसमोर शोभा नको. आत्या, सांभाळा तुमची पोरं."

मेंढरांनी ढुशा देऊन दोघांना रांगेबाहेर काढलं. ती रडत आत्याकडं आली. "आमाला बी जायचंय!"

आत्यानं त्यांना वाड्यात ढकललं आणि ती आवाजाच्या दिशेनं धडपडत पुढं गेली. दगडाला ठेचाळली, उठली, आणि लांडगा आणि रांग यांच्या बरोबर मधे जाऊन उभी राहिली.

"मूठ उघड!" ती म्हणाली.

रांग थांबली. वर झाडावर मास्तर बसले होते. ते ओरडले, "मधे येऊ नका! कुत्रं आणि प्रेक्षक यांच्या मधे येऊ नका!"

"मला एकदा दाखव, मुठीत काय हाय ते. मग न्ये सगळ्यांना."

लांडगा गोड हसला. "आजी, झाकली मूठ सव्वा लाखाची."

मेंढरांनी "वा" म्हटलं. अगदी बरोबर जागी म्हटलं.

आत्या मग लांडग्याशी बोलली नाही. ती कुत्र्याकडं वळली. जिथं त्याचा श्वास ऐकू येत होता तिथं तोंड नेऊन तिनं हलकेच हाक मारली. "कानफाट्या."

बाळांनो, त्या हाकेनं त्याचा फाटका कान हलला. नुसता तोच. नाक थोडं खाली आलं. आणखी थोडं आलं. मातीपासून चार बोटांवर आलं. त्याच्या घशात, फार आत, गुरगुर उठली. लांडगा तीन पायांवरच एक पाऊल मागं सरकला.

"मान!" झाडावरून मास्तर ओरडले. "मान वर!"

आणि मान वर गेली.

मानाजीरावानं आत्याला शिंगानं बाजूला केलं. जोरात नाही. वडीलधारी होती ना. रांग तिच्या कडेनं पुढं गेली. ती पावलं ऐकत राहिली. टप टप, टप टप, सगळी सारखी. कुणी अडखळलं नाही, कुणी थांबलं नाही. मागं वळून तर कुणीच बघितलं नाही.

घळीत काय झालं ते आत्याला दिसलं नाही, तशीही दिसण्याची सोय नव्हती. पण तुम्हाला सांगायला हवं. घळीच्या तोंडाशी लांडग्यानं मूठ उघडली. ती रिकामी नव्हती. आत नखं होती. कानफाट्या तिच्याकडं बघत होता, मान अशी सुरेख वर होती, गळ्याची रेघ अशी मोकळी होती, की लांडग्याला वाकावंसुद्धा लागलं नाही. मागच्या मेंढरांना वाटलं, कार्यक्रम सुरू झाला. लांडग्याच्या पोरांनी त्यांना आत घेतलं.

पुढच्या हंगामाची स्पर्धा जास्तच थाटात झाली. लांडगा स्पर्धेचा आश्रयदाता झाला. मास्तर आता शेरडांकडं शिकवायला जातात आणि सांगतात, "मेंढरांचा कळप पाहायला हवा होता. शेवटपर्यंत एकाचं पाऊल चुकलं नाही." अजगर आहे तिथंच आहे. थोडा जाड झालाय.

आणि माळाच्या कडेला तो वाडा आहे. संध्याकाळी दोन कोकरं आत पडून राहतात. आता ती थोडी मोठी झालीत, पण उड्या मारायच्या काही सुटल्या नाहीत.

"आज्जे, लांडगा आला तर?"

"ऐका," आत्या म्हणते.

मग ती उठते. जागेखालचा बाभळीचा पट्टा चाचपून काढते, गळ्यात अडकवते. मान खाली घालते. नाक मातीला टेकवते. दिसत नाही, म्हणून दोन पावलं पुढं, एक आडवं. मग थांबते. मागं वळते, कोकरांचा श्वास ऐकते. मग पुन्हा कडेकडेनं निघते. फूं फूं. फूं फूं. मेंढीच्या नाकाला ते नीट जमत नाही. मधेच शिंक येते. चाल तर अशी वेडीवाकडी, की बघणाऱ्याची हसून मुरकुंडी वळावी.

पण बघायला कुणी उरलेलं नाही. कोकरं ऐकतात आणि झोपतात.

तात्पर्य: मुलांनो, मान वर ठेवून, ठेक्यात, समोरच्या मुठीकडं बघत चालायला शिका, आणि मूठ उघडायला कधी सांगू नका. ज्यांची चाल बिघडते त्यांना रांगेबाहेर काढतात. मग ते मागं राहतात, आणि मागं राहणाऱ्याच्या नशिबी म्हातारपण येतं.